धाव

माझे वडील महूनाक्याला बैलगाडीच्या चाकांवर धावा चढवायचे.
लोखंड लाल करायचं, लाकडावर ठोकून बसवायचं, वरून घागर ओतायची.
वाफेत ते आक्रसायचं आणि असं धरायचं
की चाक मोडेल, पण धाव सुटणार नाही.
त्या लोखंडी कड्याला धाव म्हणायचं हे कुणी ठरवलं कोण जाणे.
थांबण्यासाठी आमच्या दुकानात वेगळी वस्तू नव्हती.
बैल थांबला की गाडी थांबायची.

हे आज आठवायचं कारण,
बिजासन टेकडीकडच्या या हँगरात
सुलेखा बुळे कॅटलॉग घेऊन उभी आहे
आणि तिला एकतीस इंची टायर हवेत.

"काका, फोटो तर बघा."
बघितला. दोन सीटचं पिवळं विमान,
खाली दोन काळे भोपळे. देखणं आहे.
"तुझी पट्टी किती लांब?"
"अडीचशे पावलं."
"तुझी की डॉक्टरांची?"

डॉक्टर निरगुडकर ठेंगणे आहेत.
दर दुसऱ्या मंगळवारी मागच्या सीटवर,
दात काढायच्या चिमट्यांची पेटी मांडीवर धरून,
डोळे मिटून सातपुड्यात उतरतात.
मागच्या खेपेला एका दगडानं चाक अडवलं.
शेपूट उठलं, पंख्याचं पातं वाकलं, चिमटे गवतात.
डॉक्टरांनी डोळे न उघडता विचारलं,
"आलो का?"

तर हिशेब असा.
लहान चाक दगडाशी भांडतं, मोठं चाक त्याला गिळतं.
आत हवा आठ पौंड,
अंगठ्यानं दाबलं तर पिकल्या पेरूसारखं दबेल.
पण गिळायचेही पैसे पडतात:
एकेका बाजूला सात किलो जास्त
(आणि डॉक्टर काही बारीक होणार नाहीत),
वारा त्या भोपळ्यांना लोंबकळेल,
ताशी दहा मैल वाटेतच सांडतील.
आणि फोटोत न दिसणारी गोष्ट:
चाक वाढलं की ब्रेकचा हात आखूड होतो.
तबकडी तीच, पकड तीच,
जमीन मात्र लांब गेलेली.
सतरा इंचाला जे पुरत होतं
ते सव्वीसला दोन तृतीयांश उरतं,
एकतीसला निम्म्याच्या जरा वर.

"मग ब्रेकही मोठे घाला."
घालतो की. जाड तबकडी, दोन-दोन पिस्टन.
पण हे शेपटीवर चालणारं जनावर आहे, बाई.
पुढून करकचून धरलंस तर मागून उठेल,
आणि तू पुन्हा दगडाला शिव्या देशील.
पेडलवर पाय असा ठेवायचा,
दुधावरची साय बोटानं सरकवतात तसा.

ती काही बोलली नाही.
बाहेर मुंबईचं जेट उतरलं,
वाया घालवायला पुष्कळ धावपट्टी असलेलं.

सव्वीसवर ठरलं. ती जरा रुसूनच गेली.

नळीतला शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत
मुर्तुजा रात्री पाना धरून बसला,
मी वर पेडल दाबत, तो खाली "और, चाचा, और" म्हणत.
पहाटे सुलेखानं दोन्ही पाय रोवले,
इंजिन सतराशे फेऱ्यांवर नेलं.
पिवळं कापड थरथरलं, मागे गवत आडवं झालं,
मुर्तुजाची टोपी उडाली.
चाक तसूभर हललं नाही.
मला उगाच वाफेचा वास आला.

परवा मंगळवार होता.
तिनं फोन केला नाही, मीही केला नाही.
संध्याकाळी एक फोटो आला:
टायरच्या खाचेत तांबडी माती,
शेजारी डॉक्टरांचा बूट, अर्धाच.

जुनी चाकं मुर्तुजानं हत्यारांच्या गाड्याला लावली.
सिमेंटवर लोण्यासारखी पळतात.
ब्रेक नाहीत.
दाराशी उतार आहे, तिथे आम्ही पाय आडवा घालतो.